टेपकाकूंच्या मापाची सायकल

"आता तुमच्या वयाला" असं कुणी म्हटलं की टेपकाकूंचं डोकं फिरायचं. पुढचं वाक्य कसं संपतं याची त्या वाटही बघत नसत. "वयाचं मला सांगू नका, ते मला पाठ आहे," असं म्हणून समोरच्याला तिथल्या तिथे गप्प करत. मग तो डॉक्टर असो, शेजारीण असो, नाहीतर पोटचा मुलगा.

टेपकाकू हे नाव गळ्यातल्या टेपमुळे पडलं. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेला. सकाळी केस विंचरायच्या आधी टेप गळ्यात पडायची, ती रात्री दिवा मालवताना उतरायची. टेप तशीच गळ्यात घेऊन त्या बाजारात जात, बँकेत जात, एकदा तर कुणाच्या अंत्ययात्रेलाही जाऊन आल्या. गावातल्या दोन पिढ्यांच्या कमरा त्यांनी मोजल्या होत्या. त्यामुळे त्या बँकेत शिरल्या की मॅनेजरसाहेब आपोआप पोट आत घेत. "तिसरीत असताना तुझी चड्डी मी दोनदा उसवून मोठी केली होती," हे चारचौघांत सांगायला काकू मागेपुढे बघत नसत.

गणवेशाच्या धंद्याचा एक साधा नियम असतो आणि काकूंनी तो कधी मोडला नाही. माप आजचं घ्यायचं आणि शिवायचं पुढच्या वर्षाचं, कारण पोर वर्षभरात कुठल्या कुठे जातं. शिवणीच्या आत बोटभर जादा कापड दाबून ठेवायचं. त्या कापडाला शिंपी माया म्हणतात. काकूंच्या हाताला ही माया सोडायची इतकी सवय लागली होती, की नवऱ्याला शर्ट शिवला तरी तो दोन बोटं ढगळच व्हायचा. "अगं, मी आता काय वाढणार आहे?" असं तो बिचारा म्हणायचा. "कोण जाणे," काकू म्हणायच्या. सैल असलं तर आत घेता येतं, घट्ट झालं तर कपाळाला हात लावून बसावं लागतं, हे त्यांचं ठाम मत होतं आणि ते त्यांनी नुसतं कपड्यांपुरतं ठेवलं नाही. भांडी, पिशव्या, चपला, सगळं एक माप मोठं. चपलेच्या टाचेत चिंधी कोंबून त्या खुशाल फटक फटक करत चालत.

पुढे शाळेने कारखान्यातून तयार गणवेश मागवायला सुरुवात केली. ते गणवेश कुठल्याच पोराला नीट बसत नव्हते, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. काकूंचं काम एकदम आटलं. साठी उलटून गेली होती, नवऱ्याला जाऊन काही वर्षं झाली होती. राहिल्या दोन खोल्या, एक पायाचं शिलाई मशीन आणि मशीनसमोरची खिडकी. खिडकीतून गावामागचा डोंगर दिसायचा. डोंगराच्या माथ्यावर पाण्याची गोल टाकी, आणि तिथपर्यंत झाडाझुडपांतून वळत गेलेली मातीची वाट. त्या वाटेवरून सकाळी सायकलवाले खाली यायचे, चिखलाने माखलेले आणि हसत. एवढं हसण्यासारखं वर काय आहे, असं काकूंना कित्येक वर्षं वाटत आलं होतं.

त्यांतली एक सायकलवाली काकूंची गिऱ्हाईक होती. चौकातली दातांची डॉक्टरीण. चाळिशीची, किडकिडीत, आणि दर महिन्याला बुडावर फाटलेली पँट घेऊन येणारी.

"अगं, एवढं कुठे फाडतेस?" काकूंनी एकदा विचारलं.

"टाकीच्या खालच्या उतारावर. तुम्ही चला एकदा, म्हणजे कळेल."

तिने ते सहज म्हटलं होतं. लोक म्हणतात तसं. पण काकूंनी ते सहज घेतलं नाही. लहानपणी वडिलांच्या उंच सायकलच्या दांडीखालून पाय घालून त्या वाकड्यातिकड्या सायकल चालवायला शिकल्या होत्या. लग्नानंतर सायकल सुटली, तिची आठवणही सुटली. डॉक्टरणीने आपली सायकल मैदानावर आणून दिली तेव्हा काकू थोडा वेळ डुगडुगल्या, मग सरळ गेल्या, मग मैदानाला फेरी मारून आल्या. पायात जोर होताच. जन्मभर मशीनची पायटी हलवून त्यांच्या पोटऱ्या टणक झाल्या होत्या.

"मला हीच घ्यायची," त्या उतरून म्हणाल्या. "डोंगरावर जाणारी. ती भाजी आणायची सायकल नको."

पुढच्या रविवारी त्यांनी मुलाच्या घरी जेवताना हे सांगितलं आणि मुलाचा घास हातातच राहिला.

मुलगा वाईट नव्हता. तो विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासायचा, त्यामुळे त्याला जगात जिकडेतिकडे अपघातच दिसायचे. ओली फरशी दिसली की तो तिच्याकडे संशयाने बघायचा. आईने दोन खोल्यांत एकटं राहणं त्याला बघवत नव्हतं. म्हणून त्याने आपल्या घरातली एक खोली तिच्यासाठी रंगवून ठेवली होती. फिक्या गुलाबी रंगाने, आणि न विचारता. दर रविवारी जेवण झालं की तो आईला ती खोली पुन्हा दाखवायचा.

"आई, तुमच्यासाठी ती घरातली सायकल आणू या का?" सून मध्ये पडली. ती सासूची बाजू घ्यायची, पण हळू आवाजात. "जागच्या जागी चालवायची. गच्चीत ठेवू."

"जागच्या जागी? म्हणजे तासभर पाय मारायचे आणि डोळे उघडले की समोर तुमचीच वाळत घातलेली चादर?"

सुनेला हसू आलं, पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते आवरलं.

"हाडं ठिसूळ होतात या वयात," मुलगा म्हणाला. "खुब्याचं हाड मोडलेल्या बायकांच्या फायली रोज माझ्या टेबलावर येतात. तुला काय सिद्ध करायचंय, आई?"

"मला टाकीपर्यंत जायचंय."

"गाडीने नेतो."

"मला जायचंय. न्यायचं नाही मला कुणी."

शब्दाने शब्द वाढत गेला. शेवटी मुलगा चिडून म्हणाला, "ठीक आहे, घे सायकल. पण एकदा जरी पडलीस ना, तर सायकल विकायची, खोल्या रिकाम्या करायच्या आणि इथे राहायला यायचं. कबूल?"

"कबूल!" काकू ताडकन म्हणाल्या. रागाच्या भरात माणूस काय काय कबूल करतो! घरी येऊन मशीनसमोर बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण आपलं घर एका सायकलवर लावून बसलोय. मशीन, खिडकी, सकाळी मनाला येईल तेव्हा उठणं, कुणाला न विचारता दार ओढून बाहेर पडणं, सगळंच. त्यांना धडकी भरली. पण शब्द परत घ्यायला जाणं म्हणजे त्या गुलाबी खोलीच्या उंबऱ्यात एक पाय ठेवण्यासारखं होतं. त्या गेल्या नाहीत.

सायकल घ्यायला त्या एकट्याच गेल्या. डॉक्टरीण बरोबर येते म्हणाली होती, पण आपली वस्तू आपण घ्यावी या हट्टाने काकूंनी तिला नको म्हटलं. दुकानदार पन्नाशीचा, टक्कल पडलेला, चष्मा कपाळावर चढवून तो टेबलावर शोधणारा.

"कुणासाठी बघताय, काकू? नातवासाठी?"

"माझ्यासाठी."

"अच्छा, अच्छा!" तो लगबगीने उठला आणि पुढे टोपली असलेली, दांडी खाली वाकवलेली एक पिवळी सायकल घेऊन आला. "ही बघा. चढायला सोपी. सामान राहतं. घंटीसुद्धा गोड वाजते."

"ही डोंगर चढते?"

"डोंगर?" दुकानदाराने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांना नीट बघितलं. मग बॅटरीवर चालणारी दाखवली. "तुमच्या वयाला ही बरी. चढावर आपली आपण ओढते."

इथे काकूंची शीर ताठ झाली. ती आपली आपण ओढणार असेल तर मी घरी बसते, तिला एकटीलाच पाठवा, असं त्यांनी ऐकवलं. तेव्हा कुठे तो त्यांना आतल्या बाजूला, खऱ्या डोंगरी सायकलींकडे घेऊन गेला. रुंद, काटेरी टायर. पुढच्या चाकाला धक्के गिळणारे शॉक. चकतीचे ब्रेक. काकूंनी ब्रेक दाबून बघितले, पॅडल उलटं फिरवलं, सीटची शिवण नखाने तपासली आणि ती त्यांना बेताचीच वाटली. माणूस आपलं काम जाणतो, सांगतोही नीट, हे त्यांना मान्य करावं लागलं. मागे शॉक असलेली सायकल पहिल्यांदा कशाला, वजन वाढतं, असं त्याने स्वतःहून सांगितलं, आणि ती महाग होती तरी सांगितलं.

मग तो म्हणाला, "तुम्हाला छोटी फ्रेम लागेल."

आणि सगळं बिघडलं. छोटी! गेली काही वर्षं जो तो काकूंना सगळं छोटं करून देत होता. छोटं ताट, छोटी पिशवी, छोटा फेरफटका, छोटी गुलाबी खोली. आता सायकलही छोटीच का?

"त्याच्या पुढचं माप दाखवा."

"अहो, ते तुम्हाला मोठं होईल."

"मोठं असलं तर आत घेता येतं."

"कपडा आत घेता येतो, काकू. ही लोखंडाची फ्रेम आहे. मी सीट खाली करून देईन, पण दांडी कशी खाली करणार?"

तो खरं सांगत होता. पण गळ्यात टेप घालून आयुष्य काढलेल्या बाईला मापाबद्दल सांगायला निघालेला माणूस खरा असला तरी तो आधी आगाऊ वाटतो. छोट्या मापाचा माल पडून असेल, तो माझ्या गळ्यात मारतोय, असंही काकूंच्या मनात येऊन गेलं. त्यांनी मोठी निळी सायकल निवडली. तिची दांडी दोन पायांत घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा टाचा जमिनीवरून उचलाव्या लागत होत्या. बूट जाड घातला की होईल, असं त्या म्हणाल्या. दुकानदाराने हात टेकले.

डॉक्टरणीची आणि काकूंची पहिली फेरी ठरली ती दवाखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी. डॉक्टरीण निळी सायकल बघून काहीतरी बोलणार होती, पण काकूंचा चेहरा इतका फुलला होता की ती गप्प बसली. चढ सुरू झाला. काकू धापा टाकत होत्या, पण पाय थांबत नव्हते. माती ओलसर होती, टायरखाली वाळक्या काटक्या कडाकड मोडत होत्या. बाजूने एक तरुण जोडपं चालत खाली येत होतं, त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. मला वाट दिली, याचं काकूंना इतकं अप्रूप वाटलं की आभार मानायचे राहून गेले.

पहिल्या वळणावर डॉक्टरीण थांबली, म्हणून काकूंनीही ब्रेक दाबले. सायकल थांबली. काकू सीटवरून पुढे सरकल्या, डावा पाय खाली सोडला आणि त्या बाजूची जमीन उतरती निघाली. साध्या रस्त्यावर टेकणारा चवडा इथे टेकायला काही शोधत राहिला. दांडी मध्ये आडवी, पाय काढता येईना. काकू निळ्या सायकलसकट सावकाश, एखादं कपाट कलंडावं तशा, झुडपात गेल्या.

कोपर सोललं. तळहातात काटे गेले. स्वतः शिवलेली पँट गुडघ्यावर फाटली. पण झुडपात उताण्या पडलेल्या काकूंच्या मनात पहिला विचार आला तो मुलाचा.

"कुणी बघितलं का?" त्यांनी विचारलं.

"मी बघितलं," डॉक्टरीण धावत येत म्हणाली. "हलू नका. बोटं हलवून दाखवा. मान? कंबर?" सगळं हलत होतं. मग तिने सायकल उचलली आणि दांडीवर हात ठेवला. "काकू, ही तुम्हाला केवढी मोठी आहे! कुणी दिली ही तुम्हाला?"

दिवसाला डझनभर मापं घेणाऱ्या आपण, आणि स्वतःच्याच मापाला चुकलो, याची लाज काकूंना कोपरापेक्षा जास्त झोंबत होती. त्यांनी डॉक्टरणीला मुलाची अट सांगितली. डॉक्टरीण काटे काढता काढता म्हणाली, "मी काही कुणाला सांगणार नाही. तुम्ही सांगितलं नाही तर कळणार कसं?"

ते खरं होतं. काकू घरी आल्या, जखम धुतली आणि लांब बाह्यांचा सदरा बेतायला घेतला. बाहीने कोपर झाकलं की झालं. कापड अंथरलं, खडूने रेघा मारल्या, कात्री हातात घेतली आणि हात थांबला. आज बाही लांब केली. पुढच्या वेळी गुडघा फुटला तर? डोंगरावर जायचं तर पुन्हा कधीतरी पडणं आलंच. मग दर वेळी झाकायचं, खोटं बोलायचं, रविवारी जेवताना कोपर टेबलावर टेकवायचं नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेली सायकल आपण चोरीच्या मालासारखी चालवणार? काकूंना स्वतःचाच राग आला. त्यांनी कापडाची घडी घालून ते कपाटात टाकून दिलं.

आधी त्या निळी सायकल घेऊन दुकानात गेल्या. "तुम्ही सांगत होता तेच बरोबर होतं," असं उभ्या उभ्या म्हणाल्या. असं वाक्य त्यांच्या तोंडून निघायला फार कष्ट पडत. दुकानदाराने कोपराकडे बघितलं, सायकलवरच्या ओरखड्याकडे बघितलं आणि काही टोमणा मारला नाही. त्याने त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, दोन पायांमध्ये एक जाड पुस्तक वर सरकवून धरायला लावलं आणि पुस्तकाच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावली. काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांचं माप कुणी घेतलं नव्हतं. त्यांना अवघडल्यासारखं झालं, आणि पोरं माप देताना इतकी का खिदळायची तेही कळलं.

"टेप ताणू नका," त्या न राहवून म्हणाल्या.

"नाही ताणत. तुम्ही पोट आत घेऊ नका, त्याने उंची वाढत नाही."

छोट्या फ्रेमची सायकल पायांत घेऊन त्या उभ्या राहिल्या तेव्हा दोन्ही टाचा जमिनीवर सपाट टेकल्या आणि दांडी खाली राहिली. कुठे काही ढगळ नाही, कुठे कोंबायला चिंधी नको. आपल्या आजच्या अंगाला बेतलेली वस्तू अशी असते, हे त्या पहिल्यांदाच अनुभवत होत्या. सायकल हिरवी होती. निळी त्यांना जास्त आवडली होती, पण निळ्या रंगात ते माप नव्हतं.

रविवारी त्या हिरव्या सायकलवरून मुलाच्या घरी गेल्या. अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून, कोपराची पट्टी उघडी ठेवून. सुनेने दार उघडलं, पट्टी बघितली आणि तोंडावर हात ठेवला. मुलगा आतून आला.

"पडलीस," तो म्हणाला.

"पडले. पहिल्याच दिवशी, पहिल्याच वळणावर. चूक माझीच होती. सायकल मोठी घेतली होती, ती बदलली."

"बदलली?" त्याचा आवाज चढला. "आपलं काय ठरलं होतं? मी पुढच्या आठवड्यात टेम्पो सांगतो. मशीनपण आणू इथे."

"मी येणार नाही."

"आई, तू कबूल केलं होतंस."

"केलं होतं. मोडते. दिलेला शब्द मी कधी मोडला नाही, हा मोडते. तुला काय म्हणायचं ते म्हण."

मुलगा हताश होऊन खाली बसला. "तू मेलीस तर?" तो म्हणाला आणि त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बाबा गेले. आता तू पण अशीच..."

काकू त्याच्या समोर बसल्या. जे बोलायचं त्या इतकी वर्षं टाळत आल्या होत्या, ते बोलल्या.

"बाबा कसे गेले ते तुला ठाऊक आहे? पहिला झटका आला आणि आपण दोघांनी त्यांना बसवून ठेवलं. जिना उतरू नका, पिशवी उचलू नका, अंघोळीला एकटे जाऊ नका. तू फोन करून विचारायचास, बसलेत ना? मी सांगायची, बसलेत. ते एकदाही पडले नाहीत रे. इतकं जपलं आपण. पण शेवटी शेवटी ते मला पाणी प्यायलासुद्धा विचारायचे, पिऊ का म्हणून. हा माणूस माझ्याशी भांडणारा होता! मला तसं जायचं नाही. मी मोडेन, फुटेन, पण पाणी मी कुणाला विचारून पिणार नाही."

सून दाराशी उभी होती, ती डोळे पुसत आत निघून गेली.

"पुन्हा पडशील," मुलगा म्हणाला.

"पडेन."

"आणि मग?"

"मग उठेन. उठता नाही आलं तर तुला हाक मारेन. तेव्हा धावत ये, मी नको म्हणणार नाही. पण हाक मारायच्या आधी येऊन माझा हात धरू नकोस."

जेवण झालं. त्या रविवारी मुलाने गुलाबी खोली दाखवली नाही. तो आईबरोबर खाली आला, सायकलभोवती फिरला, ब्रेक दाबून बघितले, टायर अंगठ्याने चेपून बघितला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, हे दिसतच होतं. काकूंनी त्याला बघू दिलं. मग त्या सीटवर बसल्या, एक पाय पॅडलवर ठेवला आणि निघाल्या.

फाटकापुढे रस्ता एकदम उतरत होता.

"आई, हळू!" मुलगा मागून ओरडला.

काकूंना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी ब्रेकवरची बोटं उचलली आणि सायकल उतारावर सोडून दिली.